तीन बँड आले म्हणून अँटीबॉडी खराब?

प्रश्न : उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतलं रीलिन हे प्रथिन शोधायला जी-१० अँटीबॉडी (रीलिनला चिकटणारं प्रथिन) लावून वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पट्टीवर उतरवली आणि अँटीबॉडीने ओळखली. एकाऐवजी तीन बँड (पट्टे) आले, त्यातला वरचा अगदी फिकट. खाली ५० किलोडाल्टनलाही (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) एक दिसतो. सर म्हणतात, अँटीबॉडी खराब आहे, नवी मागवू. मुंबईहून येताना पार्सल तापलं असेल का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : अगं, नवी मागवायची घाई नको. तुझे तीन बँड साधारण ४००, ३०० आणि १८० किलोडाल्टनला असतील, तर अँटीबॉडी चोख काम करते आहे. पेशीबाहेर पडलेलं रीलिन दोन ठिकाणी कापलं जातं. जी-१० त्याच्या एन-टोकाकडे (प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाकडे) चिकटते, म्हणून अख्खं रीलिन आणि ते टोक असलेले दोन तुकडे, तिन्ही दिसतात. वरचा फिकट येतो तो बहुधा जेल आणि ट्रान्सफर (जेलमधून पट्टीवर उतरवणं) यांमुळे. १० टक्क्यांच्या जेलमध्ये एवढं मोठं प्रथिन धड शिरत नाही. ५-६ टक्क्यांचं जेल घे आणि वेट ट्रान्सफर (द्रावणात बुडवून केलेला) रात्रभर कोल्ड रूममध्ये लाव.

५० चा बँड वेगळा. जी-१० उंदरात बनवलेली, नमुनाही उंदराचा. त्यामुळे अँटी-माउस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) नमुन्यातल्या रक्तातल्या अँटीबॉडीची जड साखळीही धरते. एका पट्टीला नुसती सेकंडरी लावून बघ, लगेच कळेल.

कसारा घाटात जेल पॅक वितळले, तरी तेवढ्याने अँटीबॉडी सहसा मरत नाही. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं मात्र तिला मारतं. मी बाटली आली त्याच दिवशी छोट्या ट्यूबमध्ये वाटून झाकणांवर तारीख घालते.

खरी कसोटी रीलर उंदराच्या मेंदूची. हे झोकांड्या खाणारे उंदीर फाल्कनर यांनी १९५१ मध्ये नोंदवले. त्यांच्यात रीलिन नसतं, म्हणून त्यांच्या नमुन्यात तुझे तीन बँड दिसायला नकोत. रीलिनअभावी मेंदूच्या बाह्यकाचे थर विस्कटतात. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी याच उंदरांना सामान्य उंदराचा मेंदू टोचून सीआर-५० ही रीलिनला चिकटणारी अँटीबॉडी मिळवली. जे शरीरात कधी बनलंच नाही, ते त्यांना परकं वाटणारच! कशाविरुद्ध अँटीबॉडी हवी हे नेमकं ठाऊक नसताना केलेलं हे काम मला आजही थक्क करतं.

रीलर पाळणाऱ्या एखाद्या लॅबकडे त्यांच्या मेंदूचं थोडं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) माग. नाहीच मिळालं, तर रीलिनचं जनुक घातलेल्या आणि न घातलेल्या एचईके २९३ पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) यांचे नमुने जेलच्या शेजारच्या लेनमध्ये चालव.