मसाज शिकताना हाडं कशाला शिकायची? काम तर स्नायूंवर असतं ना? हाडांना थोडाच मसाज करायचाय?

"हाडांना थोडाच मसाज करायचाय?" हे तुमचं वाक्य माझे पहिले सर शब्दन् शब्द असंच म्हणायचे. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असे प्रश्न मी सोडून देते.

त्यांच्या हाताखाली मी नवीन होते. एक बाई मान आखडली म्हणून यायच्या. पाठीच्या वरच्या भागात, मणक्यापासून चार बोटं बाजूला, माझ्या अंगठ्याला काहीतरी टणक लागलं. सरांनी वरवर हात लावला आणि म्हणाले, "गाठ आहे. फुटेपर्यंत सोडायची नाही." तीन सेशन मी तिच्यावर कोपर लावून जोर काढला. बाई दात आवळून सोसायच्या, कारण दुखलं म्हणजे गुण येतोय हेही सरांनीच त्यांच्या डोक्यात भरलं होतं. चौथ्या वेळी आल्या तेव्हा तिथे काळंनिळं झालेलं आणि मान आधीपेक्षा जास्त धरलेली. पालथं झोपल्या झोपल्या त्यांनी उशी नीट करायला हात वर नेला, आणि गाठ माझ्या अंगठ्याखालून सरकली. दुसऱ्या बाजूला चाचपलं. तिथेही गाठ, तेवढीच, त्याच जागी. रात्री स्वतःच्या खांद्यामागे हात घालून पाहिलं. मलाही होत्या!

खवाट्याच्या हाडाचा वरचा आतला कोपरा होता तो. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघणारा एक स्नायू तिथे येऊन चिकटतो, म्हणून मान आखडली की तिथे दुखतं, हे खरं. पण मी तीन सेशन स्नायू त्या हाडावर ठेचत होते.

सर म्हणायचे, हाताला सगळं कळतं. नाही कळत. हाताला टणक आहे एवढंच कळतं. स्नायू कुणाचा जाड, कुणाचा बारीक, आज सैल, उद्या ताठ. त्यातल्या त्यात भरवशाची खूण हाडाचीच. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो हे हाडावरूनच सापडतं आणि जोर कुठे द्यायचा नाही हेही. बरगड्यांच्या 12 जोड्यांपैकी खालच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नसतात आणि मूत्रपिंडं त्यांच्याच आड असतात. तिथे कोपर लावणारे लोक मी पाहिलेत. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाच्या उंचवट्यालगत नस, म्हणजे मज्जातंतू, अगदी उघडी असते. गुडघ्यामागच्या खळग्यात रक्तवाहिनीही.

सरांना हे सगळं मी तेव्हाच सांगितलं होतं. "चार पुस्तकं वाचून आली" म्हणाले.

त्यांचा हात चांगला होता, हे कबूल करते. कंबर मोकळी करायला मी त्यांच्याकडूनच शिकले. आणि 206 हाडं पाठ असून हात दगडासारखा असलेलेही भेटलेत. डोळे मिटून बोटांनी पंचवीस-तीस खुणा सापडायला लागल्या की कामापुरतं झालं. आधी स्वतःच्या अंगावर शोधा.

एक राहिलंच. टणक लागलेलं एकाच बाजूला असेल, नवीन असेल, वाढत असेल, तर ते दाबूच नका, डॉक्टरकडे पाठवा. वयस्कर माणसं आणि बरेच दिवस स्टेरॉइड घेणारे यांची हाडं ठिसूळ असू शकतात. तेव्हा आधी विचारा, मगच जोर लावा.

परीक्षेत लॅटिन नावं विचारत असतील तर मात्र ती घोकावीच लागतील, त्याला माझ्याकडे इलाज नाही.