जुन्या जीप चेरोकीला एक्सप्लोररचा डिस्क ब्रेकवाला मागचा ॲक्सल बसवावा का?

प्रश्न असा आहे: "मी मिशिगनमध्ये राहतो. १९९९ ची जीप चेरोकी आहे, फोर बाय फोर. मागचे ड्रम ब्रेक गंजून गेलेत. जंकयार्डातून फोर्ड एक्सप्लोररचा डिस्कवाला ॲक्सल आणून बसवला तर गाडी लवकर थांबेल का? खर्च किती येईल?"

लवकर थांबणार नाही. हे आधी सांगतो, कारण निम्मे लोक याच आशेवर जंकयार्डात जातात. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि बरंचसं काम पुढची चाकं करतात. तिथे तुमच्याकडे डिस्क आहेतच. नीट जुळवलेला ड्रम मागच्या चाकाला पुरून उरतो. मागे डिस्क घ्यायचे ते दुसऱ्या कारणांसाठी. चिखलपाणी आत साठत नाही, लायनर बदलताना स्प्रिंगांशी झटापट करावी लागत नाही, आणि इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने काय खाल्लंय ते चाक काढल्याबरोबर दिसतं.

या अदलाबदलीत मोठी कमाई ब्रेकची नाही, ॲक्सलची आहे. तुमच्या गाडीखाली डाना ३५ नावाचा ॲक्सल असेल तर त्याचा क्राउन (आतला मोठा गिअर) ७.५६ इंचांचा आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट २७ स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे). एक्सप्लोररचा क्राउन ८.८ इंचांचा, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे, बाहेरची नळी सव्वातीन इंच जाडीची. डिस्क १९९५ पासून आले, म्हणून १९९५ ते २००१ मधलाच घ्या. चाकाचे पाच बोल्ट दोन्ही गाड्यांना साडेचार इंचांच्या वर्तुळावर आहेत, त्यामुळे तुमचीच चाकं लागतात. रुंदी जेमतेम इंचभर कमी भरते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये एवढं जुळणं विरळाच.

एक्सप्लोररचं नाव २००० साली फायरस्टोन टायरांच्या प्रकरणात (टायर फाटून गाड्या उलटत होत्या) खराब झालं, त्यामुळे लोक त्या गाडीचं काहीही घ्यायला बिचकतात. ॲक्सलचा त्यात काही संबंध नव्हता. २००९ साली अमेरिकेच्या सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायला पैसे दिले, तेव्हा सगळ्यात जास्त एक्सप्लोररच आल्या. इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून इंजिनं कायमची बंद पाडायची असा नियम होता, पण मागचा ॲक्सल सुटा विकायला मुभा होती. आता एक्सप्लोरर पूर्वीसारख्या रांगेने दिसत नाहीत, पण मिळतात.

माझा आणि माझ्या मित्राचा ॲक्सल अशाच एका जंकयार्डातून आला. दोघांच्या जीप, दोघांना हौस, आणि दोघंही कोल्हापूरचे. लहानपणी उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि लेथ बघत मोठे झालेलो, त्यामुळे लोखंडाला हात लावायची भीती नव्हती. त्याचा वेल्डिंगचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी त्याच्यासमोरही म्हणतो. पण त्या दिवशी जो वाद झाला तो आजपर्यंत मिटलेला नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही त्याचं कारण तोच वाद आहे.

एक्सप्लोररच्या ॲक्सलवरच्या कमानपाट्यांच्या बैठका जीपला चालत नाहीत. त्या ग्राइंडरने कापायच्या आणि जीपच्या पाट्यांच्या अंतरावर नव्या वेल्ड करायच्या. हे करताना पिनियनचं (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड किती वर किती खाली राहणार तेही कायमचं ठरतं. मित्राचं म्हणणं, "जुना ॲक्सल काढायच्या आधी कोन मोजलाय ना? मग जमिनीवर ठेवून तोच कोन लावतो आणि वेल्ड मारून मोकळा होतो. गाडीखाली आडवं पडून वेल्डिंग करायला मी काय खुळा आहे?"

मी म्हटलं, अरे, तुझी जीप तू तीन इंच उचललेली आहेस. उचलल्यावर जुन्या ॲक्सलचाच कोन बिघडलाय, तो बिघडलेला कोन नव्याला का देतोस? शिवाय फोर्डचं हाउसिंग वेगळं, पिनियन मध्यावर नाही, प्रवाशाच्या बाजूला सरकलेला. बैठका नुसत्या यू-बोल्टमध्ये सैल धर, ॲक्सल गाडीखाली घाल, चाकं लाव, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर येऊ दे. मग पिनियन फिरवून कोन धर, टाके (तात्पुरते छोटे वेल्ड) मार, खाली उतरव आणि पूर्ण वेल्ड कर. एक संध्याकाळ जास्त जाईल. तो म्हणाला, तुम्हा इंजिनियर लोकांना मोजल्याशिवाय झोप येत नाही. (तोही इंजिनियरच आहे.)

त्याने त्याच्या पद्धतीने केलं, मी माझ्या. माझी जीप हायवेला सरळ चालली. त्याची ताशी ५५ मैलांच्या पुढे गेली की सीटखालून थरथरायची. त्याने टायर बॅलन्स केले, प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे बदलले, शेवटी आख्खा शाफ्ट बदलला. मग एक दिवस बैठकांखाली पाचरी घातल्या आणि थरथर बरीचशी गेली. पाचर घातली म्हणजे कोन बदलला, हे शेंबड्या पोराला कळेल. तरी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत तो अजून सांगतो की जंकयार्डातला माल असाच असतो. माल उत्तम होता. माझा तर त्याच रांगेतल्या दुसऱ्या गाडीचा होता.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, कोन गाडीच्या वजनाखालीच धरा. प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल, म्हणजे कंपनीचाच शाफ्ट असेल, तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) बाहेर येणाऱ्या टोकाला समांतर हवा. वरच्या टोकाला दुहेरी जॉइंटवाला शाफ्ट बसवला असेल तर पिनियनने थेट ट्रान्सफर केसकडे बघायचं, अंश-दीड अंश खाली ठेवून, कारण जोर लागला की तो वर उचलतो. आणि डावं-उजवं अंतर मोजताना पिनियनपासून मोजू नका, दोन्ही टोकांच्या फ्लँजपासून (चाक बसतं त्या चकत्यांपासून) मोजा, नाहीतर आख्खा ॲक्सल एका बाजूला सरकेल.

जंकयार्डात काय बघायचं ते थोडक्यात. ॲक्सलवरचा पत्र्याचा बिल्ला शोधा. त्यावर ३एल७३ असं दिसलं तर रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ आणि लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचतो. रेशो तुमच्या पुढच्या ॲक्सलशी जुळलाच पाहिजे, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसचं वाटोळं होईल. चार लिटर ऑटोमॅटिक चेरोकीत बहुधा ३.५५ असतो, हाताने गिअर बदलायच्या पाच गिअरवाल्या गाडीत ३.०७. एक्सप्लोररमध्ये ३.५५ मिळतो, ३.०७ ची आशा धरू नका. मग चाकाचा फ्लँज धरून वरखाली हलवा. खडखडला तर बेरिंग गेलंय, आणि इथे बेरिंग थेट शाफ्टवरच फिरतं, त्यामुळे शाफ्टलाही खड्डे पडलेले असू शकतात. नख फिरवलं की कळतं. तसा शाफ्ट घेऊ नका.

घरी आणल्यावर ॲक्सलच्या मध्यावरचं मागचं कव्हर उघडून सी-क्लिप (शाफ्ट आतून अडकवणाऱ्या कड्या) काढा, दोन्ही शाफ्ट बाहेर घ्या, बेरिंग आणि ऑइल सील नवे टाका. 'चालू गाडीचा आहे, तसाच लावू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हँडब्रेकचे छोटे लायनर डिस्कच्या टोपीच्या आत असतात, आणि त्यामागची पत्र्याची प्लेट मिठाने हमखास खाल्लेली असते. ती बदलायला शाफ्ट बाहेर काढावाच लागतो, म्हणजे हे काम आत्ताच उरकलेलं बरं. खरं सांगायचं तर हँडब्रेक जुन्या ड्रमचाच चांगला धरतो. उतारावर गाडी लावत असाल तर हे डोक्यात ठेवा. हँडब्रेकच्या केबलींनाही थोडी जोडाजोड लागतेच.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस दोन्ही गाड्यांचा वेगळ्या मापाचा. जीपचा १३१०, एक्सप्लोररचा १३३०. दोन मापं जोडणारा तयार क्रॉस बाजारात मिळतो, त्यासाठी काही कापायला नको. नळ्या मधल्या बिडाच्या भांड्याला वेल्ड कराव्यात की नाही यावर लोक भांडतात. रस्त्यावर आणि साध्या चिखलात चालवायची गाडी असेल तर गरज नाही. दगडांवर चढवणार असाल तर करा, पण बीड आधी तापवून आणि निकेलच्या रॉडने.

खर्च: मला ॲक्सल दोनशे डॉलरच्या आत पडला, बाकी सामानाला त्याहून जास्त गेले. बैठका, यू-बोल्ट, बेरिंग, सील, पॅड, डिस्क, होज, क्रॉस, तेल असं सगळं धरून ॲक्सलच्या किमतीच्या तिप्पट पैसे हाताशी ठेवा. वेल्डर बाहेरून आणणार असाल तर त्याचे वेगळे.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमची १९९९ ची आहे, तर खाली क्रायस्लरचा ८.२५ हा ॲक्सल असण्याची बरीच शक्यता आहे. मागे जाऊन कव्हर बघा. गोलसर लांबट असेल तर डाना ३५, खालची कड सरळ असेल तर ८.२५. तो २९ स्प्लाइनचा मजबूत ॲक्सल आहे. तो असेल तर बदलू नका, ड्रमच दुरुस्त करा, किंवा डिस्क हवेच असतील तर जुन्या ग्रँड चेरोकीचे त्याच ॲक्सलवर बसवून घ्या. गाडीला एबीएस असेल तर सेन्सरचा वेगळा घोळ होतो, मग जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हात घालू नका.

ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटणारा व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत ड्रमच्या हिशेबाचा आहे. ड्रम स्वतःच थोडा ओढून घेतो, डिस्क घेत नाही, त्याला जास्त दाब लागतो. मागे डिस्क असलेल्या ग्रँड चेरोकीचा व्हॉल्व्ह लोक वापरतात, मीही तोच लावला. पण त्यानंतर रिकाम्या ओल्या पार्किंगमध्ये करकचून ब्रेक मारून बघाच. पुढच्यांच्या आधी मागची चाकं अडकली तर गाडी फिरते. तसं झालं तर रस्त्यावर आणू नका. मिशिगनमध्ये गाडीची ठराविक काळाने तपासणी नसते, म्हणून तपासायची जबाबदारी तुमचीच. आणि वेल्डिंगच्या वेळी पेट्रोलची टाकी ॲक्सलच्या लगेच मागे असते. पक्का वेल्ड ॲक्सल खाली उतरवूनच मारायचा. टाके गाडीखाली मारावे लागतात, तेव्हा टाकी उतरवून किंवा ओलं जाड कापड लावून, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून.

आधी कव्हरचा फोटो टाका. डाना ३५ निघाला तर बैठकांचं अंतर कसं घ्यायचं ते सविस्तर लिहितो.