कुत्रा कुणाचा?

प्रश्न : लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हल्ली रोज शब्दानं शब्द वाढतो. मुलानं 'द ऑफुल ट्रुथ' लावून दिला. हे पोट धरून हसले, मी नाही. घटस्फोटात हसण्यासारखं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वहिनी, 1937 चा सिनेमा तो, लिओ मॅककॅरीला दिग्दर्शनाचं ऑस्कर त्यावरच मिळालं. संशयावरून नवरा-बायको कोर्टात जातात आणि अडतं कशावर, तर कुत्र्यावर! ज्याच्याकडे जाईल त्याचा, असं जज म्हणतो. बायको झालेली आयरीन डन हळूच त्याचं खेळणं दाखवते. बाई जिंकली!

तिथं मी हसलो, कारण आमचा कुत्रा म्हणजे कुंद्याचा, बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईचा डबा. शहापूरहून, हिच्या माहेरून आलेला. माझी साखर वाढलेली, म्हणून हिनं तो कपाटात कुलपात घातला. मी चार दिवस अबोला धरला. (बेळगावकर माणूस, कुंद्यावरून एवढं चालायचंच.) पाचव्या दिवशी ताटात वाटी, वाटीत चमचाभर कुंदा. दोघांनीही विषय काढला नाही.

सिनेमाच्या शेवटी मधलं दार वाऱ्यानं सारखं उघडतं, ते पाहिलंत, की तोवर भांडी घासायला उठला होतात? आणि 'हे' नेमके कुठं हसले, ते विचारलंत का?