‘माझं इंग्रजीच कच्चं आहे’

“मॅडम, कामातलं सगळं येतं हो, पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात आखडतो.” समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. ती कधी परिचारिकेची असते, कधी बँकेत बढती मिळालेल्या अधिकाऱ्याची, तर कधी मुलांच्या शाळेला चिठ्ठी लिहिताना अडणाऱ्या आईची. यातले बहुतेक मराठी माध्यमात शिकलेले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्यांनी एबीसीडी पाचवीत गिरवली, व्याकरण परीक्षेपुरतं केलं आणि मनातलं इंग्रजीत मांडायची वेळ आली ती थेट नोकरीत.

भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघणारे एक गृहस्थ असेच आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, डिप्लोमा झालेला, हाताखाली माणसं. बढतीनंतर पुरवठादारांना मेल लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. आधी इंग्रजी माध्यमातल्या लेकीकडून ते मेल तपासून घेत. एकदा ती हसली आणि त्यांनी विचारणंच सोडलं. मग एकेका मेलसाठी रात्री बारापर्यंत जागणं सुरू झालं.

“मी इंग्रजीत ढ आहे,” ते म्हणाले.

“शेवटच्या मेलला उत्तर आलं?”

“आलं. माल बदलून दिला त्यांनी.”

“म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं.”

“पोचलं, पण मनात हसले असतील.”

त्यांची झोप व्याकरणामुळे उडाली नव्हती, या ‘हसले असतील’मुळे उडाली होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांतली एक गोष्ट मी आजवर घट्ट धरून ठेवली आहे: गुण कृतीला द्यावेत, माणसाला देऊ नयेत. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, ते माणसाला स्वतःच्या हाताने करून बघावं लागतं. म्हणून मी त्यांना जुन्या मेलच्या प्रिंट आणायला सांगितल्या.

“एखादी बॅच रिजेक्ट झाली की तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“डिफेक्टप्रमाणे वेगळं करतो. जो डिफेक्ट सगळ्यात जास्त, त्याला आधी धरतो.”

“मग या कागदांचंही तेच करू.”

चुका सापडवायला मी मदत केली, पण त्यांचे प्रकार त्यांनीच पाडले. बराच वेळ खाली मान घालून ते लिहीत होते. मग मान वर करून म्हणाले, “मॅडम, या तर त्याच त्याच आहेत!”

तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. पानभर लाल खुणा होत्या, पण प्रकार मोजके. ‘डिड नॉट’नंतर ‘रिसीव्ह’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’. ‘फॉर थ्री डेज’ हवं तिथे ‘सिन्स थ्री डेज’. ‘ए’ आणि ‘द’ जागोजागी गळलेले. आणि ‘अँड’ला ‘अँड’ जोडत पाच ओळी चाललेलं वाक्य. पहिल्या तिन्हींमागे आपली मराठीच आहे. ‘मिळाला नाही’मध्ये भूतकाळ क्रियापदावरच असतो, ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’च लागतं, आणि ‘ए’-‘द’सारखं काही आपल्याकडे नाहीच. यात बुद्धीचा काय दोष? ढ असण्यावर कुणाकडे इलाज नाही, ‘डिड’नंतरच्या क्रियापदावर मात्र आहे. त्या दिवशी ते खांदे सैल सोडून बाहेर पडले. इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत समाधान देणाऱ्या बैठकांपैकी ती एक होती.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण भीतीचं उरलं नव्हतं. तुमचीही अडचण हीच असेल तर जाडजूड व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून धरू नका. आठवडाभरात ते कपाटात जातं. स्वतःचं जुनं लेखन काढा, जाणकाराकडून चुका दाखवून घ्या आणि सर्वांत जास्त वेळा होणारी एकच चूक निवडा. दोन-तीन आठवडे मेल पाठवण्याआधी फक्त तिच्यासाठी एकदा वाचा. ती सुटली की पुढची घ्या. ‘ए’ आणि ‘द’ मात्र शेवटी ठेवा. त्यांना वेळ लागतो आणि त्यांच्यावाचून अर्थ सहसा अडत नाही.

वाक्य लांबलं की तोडा. काय झालं, कधी झालं, तुम्हाला काय हवं, ही तीन वाक्यं वेगळी लिहिली की निम्मा मेल होतो. रोज कामाबद्दल पाच-सहा ओळी स्वतःपुरत्या लिहा आणि मोठ्याने वाचा. डोळ्यांना न दिसलेली चूक पुष्कळदा कानाला खटकते.

मोबाइलमधली दुरुस्तीची साधनं जरूर वापरा, पण आधी स्वतः लिहा आणि साधनाने काय बदललं ते बघा. घरात कुणाला विचारायचं असेल तर त्या गृहस्थांनी लेकीशी ठरवलं तसं ठरवा: तिने चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारायची, दुरुस्ती यांनी करायची.