वाचक विचारतात : ‘गाँग’ नावाचा बिऱ्हाडी बँड

मागच्या अंकात सत्तरच्या दशकातल्या जॅझ-रॉकवर लेख होता. त्यात ‘गाँग’चा उल्लेख एका ओळीत आटोपला होता. त्यावर पत्रं आली, त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

गाँग कुठे फ्रेंच बँड म्हणून छापलेला दिसतो, कुठे ब्रिटिश. संस्थापक तर ऑस्ट्रेलियन. खरं काय? – एक वाचक, गिरगाव

तिन्ही बरोबर आहे, आणि याला कारण इमिग्रेशनच्या टेबलावर घडलेली एक गोष्ट. डेव्हिड ॲलन मेलबर्नचा, जन्म १९३८. १९६० मध्ये तो पॅरिसला आला, पुढे इंग्लंडात गेला आणि १९६६ मध्ये रॉबर्ट वायट, केव्हिन एअर्स आणि माइक रॅटलेज यांच्यासह त्याने ‘सॉफ्ट मशीन’ हा बँड सुरू केला. १९६७ च्या उन्हाळ्यात बँड दक्षिण फ्रान्समध्ये वाजवून परतत होता. ॲलन आधी व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस इंग्लंडात राहिला होता, म्हणून त्याला आत घेतलं नाही. बाकीचे तिघे घरी गेले आणि ॲलन पॅरिसमध्ये राहिला. तिथे कवयित्री आणि गायिका गिली स्मिथ हिच्याबरोबर त्याने जे सुरू केलं, ते गाँग.

मे १९६८ च्या पॅरिसमधल्या उठावानंतर दोघांना फ्रान्स सोडावं लागलं. ती दोघं मायोर्का बेटावरच्या देया गावी गेली. तिथे एका गुहेत राहणारा फ्रेंच सॅक्सोफोन-बासरीवादक दिदिए मालेर्ब त्यांना भेटला. पॅरिसला परतल्यावर बीवायजी कंपनीने १९७० मध्ये त्यांची ‘मॅजिक ब्रदर’ ही रेकॉर्ड काढली. ही कंपनी त्या काळी अमेरिकी फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेर मोकळेपणी वाजवलेला जॅझ, छापत होती. गाँगच्या सॅक्सोफोनला जो मोकळेपणा आहे, तो त्याच शेजारातला. १९७१ ची ‘कामाँबेर इलेक्ट्रिक’ पॅरिसजवळच्या एरूव्हीलच्या शातोमध्ये (जुन्या वाड्यात) ध्वनिमुद्रित झाली.

यानंतरचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बँड फ्रान्समधल्याच सांस शहराजवळ, व्वाझीन गावच्या जंगलालगत एका जुन्या शिकारघरात राहायला गेला. वादक, बायकामुलं, ॲम्प्लिफायर सगळं एकाच छपराखाली. इंग्लंडचा गिटारवादक स्टीव्ह हिलेज, सिंथेसायझरवाला टिम ब्लेक, फिजीत जन्मलेला बासवादक माइक हाउलेट, स्ट्रासबर्गच्या संगीतशाळेत शिकलेला ड्रमर पिएर मोर्लेन आणि मारिंबा-व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्यं) वाजवणारी मिरेय बावेर हे सगळे या घराच्या वाटेने बँडमध्ये आले. यांचं संगीताचं शिक्षण एकमेकांशी अजिबात जुळणारं नव्हतं. रोज एकत्र वाजवल्याशिवाय अशी माणसं एका ठेक्यावर येत नाहीत, आणि त्या घराने नेमकी तीच सोय केली. १९७३ ची ‘एंजल्स एग’ तर फिरता स्टुडिओ दारात आणून तिथेच मुद्रित केली.

१९७४ मध्ये बँड इंग्लंडात ऑक्सफर्डशरमधल्या विटनीजवळच्या शेतघरात हलला आणि वर्षभरात विस्कटला. मुलांसाठी गिली बाहेर पडली, मग ब्लेक गेला. एप्रिल १९७५ मध्ये चेल्टनहॅमच्या कार्यक्रमाच्या वेळी ॲलन मंचावर चढलाच नाही. एका अदृश्य भिंतीने आपल्याला अडवलं, असं त्याने नंतर सांगितलं. थकलेल्या माणसाचं ते अगदी प्रामाणिक वर्णन आहे, असं आम्ही मानतो.

मी ‘गझ्यूझ!’ घेतली. त्यात ना गाणी, ना परग्रहावरचे बुटके. मला चुकीचा बँड मिळाला का? – एक वाचक, दादर

बँडचं नाव तेच, पण माणसं वेगळी. १९७६ च्या ‘शमाल’ आणि ‘गझ्यूझ!’ या मोर्लेनच्या काळातल्या. ‘गझ्यूझ!’वर गिटार ॲलन होल्ड्सवर्थची आहे आणि व्हायब्राफोन-मारिंबा पुढे आहेत. पुढे ‘पिएर मोर्लेन्स गाँग’, ‘मदर गाँग’, ‘प्लॅनेट गाँग’, ‘न्यू यॉर्क गाँग’ असे फाटे फुटले. घेण्याआधी कव्हरच्या मागची वादकांची नावं वाचा. डेव्हिड ॲलन आणि गिली नसतील, तर शून्य नावाच्या नायकाची आणि परग्रहावरच्या बुटक्यांची कथाही नसणार.

ती कथा तीन रेकॉर्डींवर आहे : ‘फ्लाइंग टीपॉट’ (१९७३), ‘एंजल्स एग’ (१९७३), ‘यू’ (१९७४). ऐकताना मात्र हा क्रम पाळू नका. आधी ‘यू’ ऐका, कारण तिथे बँड पूर्ण पिकलेला आहे. मग ‘एंजल्स एग’, आणि कान तयार झाला की ‘कामाँबेर’. ‘फ्लाइंग टीपॉट’ शेवटी ठेवली तरी चालेल.

गिलीचं मंचावरचं नाव ‘शक्ती योनी’, कथेत गुहेतला योगी. प्रत्यक्षात भारतीय संगीत किती? – एक वाचक, पार्ले

नावं आणि योगी हा वेश आहे. त्या पिढीने पूर्वेकडून पुस्तकं आणि पोस्टरं घेतली, तसाच. ‘यू’मध्ये राग शोधायला बसलात तर निराशा होईल : स्वरविस्ताराची बढत नाही, समेवर येणं नाही.

पण एकाच स्वरावर दीर्घकाळ टिकून राहणं आहे आणि ते वरवरचं नाही. त्याचा एक झरा अमेरिकी संगीतकार टेरी रायली. पॅरिसमध्ये ॲलन त्याच्याबरोबर टेपचे तुकडे गोल जोडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवण्याचे प्रयोग करायचा. रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला तो १९७० मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर. म्हणून गाँगचा आधारस्वर किराण्याच्या तानपुऱ्यातून आला असं कुणी लिहिलं तर ते उलटं आहे. मालेर्बची बासरी मात्र भारतीय बासरी हाताळलेल्या माणसाची आहे, आणि फुंकीत ते जाणवतं.

‘यू’मधलं ‘द आयल ऑफ एव्हरीव्हेअर’ ऐकताना पहिल्या वेळी फक्त बासकडे लक्ष द्या. दहा मिनिटं हाउलेटचं तेच छोटं वाक्य फिरत राहतं, मोर्लेन त्याखाली वजन हलवत राहतो, आणि सॅक्सोफोन आणि गिटार वरून जातात. लेहरा चालू असताना तबलजी कुठे काय करतो हे पाहायची सवय असलेल्या कानाला ही रचना लगेच उलगडते.

ॲलनची ती तरंगणारी गिटार घरी वाजवता येईल का? – एक वाचक, मुलुंड

येईल, आणि खर्च फार नाही. याला ग्लिसँडो गिटार म्हणतात. पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटला तारांवर धातू घासताना पाहून ॲलनने ही रीत वाढवली. त्यासाठी तो शस्त्रक्रियेच्या जुन्या हत्यारांच्या मुठी वापरायचा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल सामानाच्या दुकानांत स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत मूठ मिळते. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, जाडी ६ ते १० मिलिमीटर, टोकं गोल, आणि पकडीसाठी खाचा पाडलेला भाग तारांना लागणार नाही अशी.

डाव्या हाताने नेहमीसारखी कॉर्ड धरा. उजव्या हाताने दांडी तारांवर आडवी ठेवून, जिथे गळा संपतो त्या भागात लांबीच्या दिशेने हलकेच मागेपुढे घासा. तार गळ्यावरच्या धातूच्या पट्टीला (फ्रेटला) टेकता कामा नये. टेकली की खडखड होते आणि साधी स्लाइड ऐकू येते. गळ्याजवळचा पिकअप निवडा, टोन निम्म्यावर आणा. पेडलचा क्रम : कॉम्प्रेसर, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब. डिले ४०० ते ५०० मिलिसेकंद, पुनरावृत्ती निम्म्याच्या जरा खाली. घासण्याची दिशा बदलताना आवाज क्षणभर तुटतो, तो खड्डा डिले भरून काढतो. म्हणून डिलेशिवाय सराव करून निराश होऊ नका.

बिघडतं ते तीन ठिकाणी. साध्या गुंडाळलेल्या तारांच्या कडा किरकिरतात, तेव्हा सपाट गुंडाळीच्या तारा लावा. पावसाळ्यात गंजलेली तार तर लगेच बदला. फिंगरबोर्ड गोलसर असेल तर सरळ दांडी सहाही तारांना एकदम टेकत नाही. तीन-तीन तारांच्या गटात वाजवा, जोर वाढवू नका. आणि जुन्या इमारतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर सगळा प्रकार गुणगुणतो, कारण आवाज मोठा ठेवावा लागतो. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

चोरबाजारात ‘फ्लाइंग टीपॉट’ मिळाली, पण बुरशी आहे. मूळ छपाई कशी ओळखायची, साफ कशी करायची? – एक वाचक, माझगाव

इंग्लंडमधल्या व्हर्जिन कंपनीच्या छपाईचा क्रमांक व्ही २००२. ती माइक ओल्डफील्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’बरोबर (व्ही २००१) एकाच दिवशी, २५ मे १९७३ ला बाजारात आली. ‘एंजल्स एग’ व्ही २००७, ‘यू’ व्ही २०१९. क्रमांक फक्त कव्हरवर पाहू नका, रेकॉर्डच्या आतल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला असतो तोही जुळवा; कव्हर एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची असं सर्रास होतं. ‘कामाँबेर’ची १९७४ ची इंग्लिश छपाई व्हीसी ५०२. ती अवघ्या ५९ पेन्सला विकली गेली होती, त्यामुळे तिला दुर्मीळ म्हणून जास्त भाव मागितला तर देऊ नका.

बुरशीसाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब. मऊ कापडाने चरांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार चरात राहतात आणि कडकड वाढते. उभी ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. जुनं आतलं पाकीट फेकून द्या. बुरशी तिथूनच परत येते. घरात जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण अजिबात लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.