कुत्रा पंजे चाटतो, तेव्हा आधी पंजे मोजावेत

पावसाळा सरत आला की पंजे चाटणाऱ्या कुत्र्यांविषयीची पत्रे वाढतात, आणि यंदाही तसेच झाले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो. पत्र लिहिताना, आणि त्याहीपेक्षा पशुवैद्यांकडे जाताना, कुत्रा एकच पंजा चाटतो की चारही, आणि हे कधीपासून चालले आहे, एवढे नक्की सांगावे. वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांपेक्षा मला त्या दोन गोष्टींचा अधिक उपयोग होतो.

प्रश्न (ठाणे): आमचा लॅब्रॅडॉर सव्वादोन वर्षांचा आहे. गेल्या वर्षी जुलैमध्ये तो पुढचे दोन्ही पंजे चाटू लागला आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप थांबला. यंदा जूनपासून चारही पंजे चाटतो. फिकट केसांवर तांबूस डाग पडले आहेत आणि बोटांच्या बेचक्यांतून आंबूस वास येतो. हे रक्त तर नाही ना? शेजारी म्हणतात, सवय आहे, लक्ष देऊ नका.

उत्तर: ते रक्त नाही. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये असतात आणि वारंवार चाटलेल्या फिकट केसांवर त्यांचा तांबूस-तपकिरी डाग बसतो. या डागाचा एक फायदा असा की आपण कामावर असताना किंवा रात्री झोपलेले असताना कुत्रा नेमके कुठे चाटत होता, ते त्यावरून कळते.

शेजाऱ्यांचे मत मात्र मला मान्य नाही. वयाच्या सहा महिन्यांनंतर आणि तीन वर्षांच्या आत सुरू झालेली, ठरावीक ऋतूत बळावणारी, पुढच्या पंजांपासून आरंभ झालेली खाज ही बहुधा ॲटोपिक त्वचादाहाची, म्हणजे हवेतील आणि घरातील घटकांच्या ॲलर्जीची असते, आणि लॅब्रॅडॉर ही या विकाराकडे कल असलेल्या जातींपैकी एक आहे. माणसाला अशा ॲलर्जीने शिंका येतात. कुत्र्याला मुख्यतः त्वचेची खाज सुटते, आणि ती भागवायला त्याच्याजवळ जीभ आणि दात एवढीच साधने असतात. धुळीतले माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव आणि बुरशीचे बीजाणू दमट हवेत फोफावतात, त्यामुळे कोकणपट्टीतल्या घरांत जून ते ऑक्टोबर हा काळ अवघड जातो. कानही पाहावेत. ते आतून लाल व तेलकट असतील, तर ॲलर्जीचा संशय आणखी बळावतो.

आंबूस वास ही दुसरी गोष्ट आहे. निरोगी त्वचेवरही मॅलासेझिया नावाचे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, थोड्या प्रमाणात असते. सतत चाटल्याने बेचकी ओली राहतात, ओलाव्यात यीस्ट वाढते, त्याची वेगळी खाज सुटते आणि कुत्रा आणखी चाटतो. पशुवैद्य पारदर्शक चिकटपट्टी बेचक्यात दाबून, तिच्यावर रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही चाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते, तरी ती न करताच औषधे सुरू झालेली अनेकदा दिसतात, याची मला खंत वाटते. आधी यीस्ट आणि जिवाणूंचा बंदोबस्त करावा आणि मग उरलेली खाज मोजावी. जी उरेल ती मूळ ॲलर्जीची. क्रम उलटा केला तर कोणत्या औषधाने काय साधले, हे कोणालाच कळत नाही.

घरी करण्यासारखे असे की बाहेरून आल्यावर पंजे साध्या कोमट पाण्याने धुवावेत आणि प्रत्येक बेचके सुती कापडाने कोरडे करावे. धुणे सगळेच करतात, कोरडे करणे मात्र राहून जाते. पशुवैद्यांनी क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) व मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शाम्पू दिला, तर तो साधारणपणे आठवड्यातून दोनदा वापरतात. मात्र लावल्यानंतर दहा मिनिटे, घड्याळ लावून, राहू द्यावा आणि तोवर कुत्र्याला तो चाटू देऊ नये. खाज तरीही राहिली तर ओक्लासिटिनिबसारखी खाज शमवणारी गोळी, जी एक वर्षाखालील पिलांना देत नाहीत, किंवा थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, असे पर्याय पशुवैद्य सुचवतील. हा विकार कायमचा बरा होत नाही, आटोक्यात राहतो, हे आताच मान्य केले तर दरवर्षी डॉक्टर बदलण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न (फलटण): चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. परवा शेतातून आल्यापासून उजवा पुढचा पंजा एकसारखा चाटतो, पाय उचलून चालतो. दोन बोटांमध्ये फोडासारखी सूज आहे. हळद लावली आहे.

उत्तर: एकच पंजा आणि अचानक सुरुवात, म्हणजे ॲलर्जीचा विचार नंतर करावा. या दिवसांत पहिला संशय कुसळाचा घ्यावा. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरची राठ लव मागे वळलेली असते, त्यामुळे ते कातडीत शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. सूज फुटते, पस वाहतो, दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा सूज येते, कारण कुसळ आतच असते. क्वचित ते सरकत बरेच वरपर्यंत जाते. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढावे. दिसत नसेल तर गळू दाबू नये आणि सुईने उकरू नये. पशुवैद्य कुत्र्याला गुंगी देऊन ते शोधतात, आणि एक्स-रेमध्ये गवत दिसत नसल्याने शोधायला वेळ लागू शकतो. त्याच वेळी नख मुळाशी चिरलेले आहे का आणि बेचक्यात गोचीड आहे का, हेही पाहून घ्यावे. हळदीने अपाय झालेला नाही. मात्र तिच्या पिवळेपणामुळे त्वचेचा खरा रंग झाकला जातो, म्हणून तपासणीच्या दिवशी लावू नये.

प्रश्न (पुणे): आमची पाच वर्षांची कुत्री बारा महिने पंजे चाटते. लहानपणापासून चिकन-भात खाते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून धान्यविरहित तयार खाद्य सुरू केले. बारा दिवस झाले, फरक नाही. रक्ताची ॲलर्जी चाचणी करावी का? आजोबा सकाळी तिला चहात बुडवलेले बिस्किट देतात, तेवढेच बाहेरचे.

उत्तर: अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या चाचणीवर खर्च करू नये, तिचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. वर्षभर सारखी राहणारी खाज पाहता अन्नाचा संशय रास्त आहे, पण त्याची खात्री वर्ज्य-आहाराच्या प्रयोगानेच होते, आणि त्याला बारा दिवस नव्हे, आठ आठवडे द्यावे लागतात.

धान्याविषयीचा समज फार पसरला आहे. गव्हाची ॲलर्जी असू शकते. परंतु कुत्र्यांमध्ये अधिक आढळते ती गोमांस, दूध आणि चिकन यांतल्या प्रथिनांची. आपल्या पिशवीवरचे घटक वाचावेत. धान्य काढलेल्या पुष्कळ खाद्यांत चिकन असतेच, आणि तसे असेल तर आपण केवळ भात बदलला, संशयित जागेवरच आहे. प्रयोगासाठी कुत्रीने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन निवडावे, उदाहरणार्थ काटे काढून उकडलेला रावस, आणि त्यासोबत रताळे. मीठ, कांदा, लसूण काहीही नको. किंवा पशुवैद्यांकडून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचे खाद्य घ्यावे, ज्यात प्रथिनांचे तुकडे इतके लहान केलेले असतात की शरीराची संरक्षण-यंत्रणा सहसा ते ओळखत नाही. आठ आठवड्यांत खाज उतरली तर जुने अन्न मुद्दाम पुन्हा द्यावे. खाज दोन आठवड्यांच्या आत परतली, तरच निदान पक्के. ही शेवटची पायरी बहुतेकजण टाळतात, आणि त्यांची मनःस्थिती मी समजू शकतो.

आजोबांच्या बिस्किटात गहू आहे आणि चहात दूध आहे. एवढ्यानेही आठ आठवड्यांची मेहनत वाया जाते. चिकनच्या चवीची जंताची गोळीही तेच करते. आजोबांना कामातून वगळू नये, त्यांच्या हाती उकडलेल्या रताळ्याचा तुकडा द्यावा.

प्रश्न (नाशिक): मी घरातले खाजेचे मलम लावतो. तीन-चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच.

उत्तर: त्या मलमात तीव्र स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे, आणि लावलेले बरेचसे कुत्र्याच्या पोटात जाते. त्याशिवाय पंजांत डेमोडेक्स हे त्वचेत राहणारे माइट असतील, तर स्टेरॉइडने ते अधिक वाढतात. मलम थांबवावे आणि त्वचा खरवडून तपासणी करून घ्यावी. टी ट्री तेलही लावू नये. ते कुत्र्यांना विषारी आहे.

प्रश्न (नागपूर): दहा वर्षांचा डॉबरमन रात्री डाव्या मनगटाची एकच जागा तासन्‌तास चाटतो. केस गेले आहेत, कातडी जाड आणि टणक झाली आहे. वडील सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतात. त्यातली अर्धी गोळी द्यावी का?

उत्तर: देऊ नये, पावही नको. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर आपल्या देशात 2006 मध्ये बंदी आली, ती गिधाडांच्या मृत्यूंमुळे.

आपण वर्णन केलेली टणक जागा चाटण्यातून झालेली गाठ दिसते. मोठ्या जातींत ती मनगटाच्या पुढच्या बाजूला होते. कंटाळा आणि एकटेपणा हे तिचे कारण म्हणून सांगितले जाते, आणि काही कुत्र्यांत ते खरेही असते. तथापि दहाव्या वर्षी, एकाच सांध्यावर आणि विश्रांतीच्या वेळी सुरू झालेले चाटणे पाहिल्यावर मी प्रथम त्या सांध्याचा एक्स-रे काढतो. या वयात अशा जागी हाडाचा किंवा त्वचेचा अर्बुदही (ट्यूमर) असू शकतो, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नये. जाड कातडीखाली जिवाणूंचा खोल संसर्गही असतो आणि त्याला कित्येक आठवडे प्रतिजैविके लागतात.

प्रश्न (म्हापसा): लादी रोज फिनाईलने पुसतो. त्यामुळे होत असेल का?

उत्तर: होऊ शकते. पोटाच्या विरळ केसांच्या भागावरही लाली असेल तर शक्यता वाढते. दोन आठवडे नुसत्या पाण्याने पुसून पाहावे. कुत्रा तेच पंजे चाटतो, म्हणजे फिनाईल त्याच्या पोटातही जाते, हा वेगळा मुद्दा.

प्रश्न (कोल्हापूर): पंजाला जखम झाली म्हणून शंकूची कॉलर दिली आहे, पण कुत्रा ती घालून जेवत नाही. त्याऐवजी मोजा चालेल का?

उत्तर: समोर बसून अर्धा-एक तास मोजा चालेल. रात्रभर नको, आत ओलावा साठतो, आणि वरून घट्ट बांधलेल्या चिकटपट्टीने पंजा सुजलेला मी पाहिला आहे. जखम भरेपर्यंत कॉलरच ठेवावी. तिची कड नाकाच्या थोडी पुढे यावी, नाहीतर जीभ पोहोचते. जेवणाचे भांडे कॉलरच्या घेरापेक्षा लहान घ्यावे आणि दोन विटांवर ठेवावे, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी खाल्ले नाही, तर जेवणापुरती कॉलर काढावी आणि भांडे रिकामे होताच, त्याने पंजाकडे मान वळवण्यापूर्वी, पुन्हा घालावी.