द्रवातल्या प्लाझ्माने बॅटरीसाठी धातूचे शुद्ध नॅनोकण बनवता येतात का? वीजपुरवठा कोणता घ्यावा?

द्रवात बुडवलेल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, पेटवायचा असतो. त्याच्या वीजपुरवठ्याचं आधी उरकते. 1 ते 2 किलोव्होल्ट, मायक्रोसेकंदांत मोजायचे पल्स, 10-20 किलोहर्ट्झ. दोन्ही दिशांनी पल्स देणारा मिळाला तर उत्तम. इलेक्ट्रोडमधलं अंतर मिलिमीटरच्या आत ठेवा. द्रवाची वाहकता फार वाढली तर नुसतं विद्युतविघटन होतं, पाणी तापत बसतं, प्लाझ्मा पेटत नाही. बाकी तपशील कुठल्याही बऱ्या शोधनिबंधात मिळतील.

मी लिहायला बसले ते तुम्ही खाली विचारलंय त्यामुळे: "क्षपणक (क्षारातल्या आयनांचा धातू करणारं रसायन) घालावं लागत नाही, म्हणजे कण शुद्धच मिळणार ना?"

नाही मिळणार. आणि हाच दावा पुढे करून माझं म्हणणं एकदा बाजूला सारलं गेलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी कथिलाचे कण करत होतो. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला 372 मिलीअँपिअर-तास, कथिलाची 990च्या पुढे, त्यामुळे मोह साहजिक आहे. द्रवात कथिलाचा क्षार आणि इलेक्ट्रोड टंगस्टनचे, कारण टंगस्टन 3400 अंशांच्याही पुढे वितळतं आणि टोक टिकतं. सेलची क्षमता छान आली. आमचे मार्गदर्शक खूश. पण चार्ज-डिस्चार्जचा वक्र (भारासोबत व्होल्टेज कसं बदलतं तो आलेख) मला पटेना. धातुरूप कथिलाच्या वक्रावर पायऱ्या दिसतात. इथे घसरगुंडी होती. लिथियम बाहेर काढताना 1 व्होल्टच्या वर, जिथे कथिलाचं काम जवळपास संपलेलं असतं, तिथेही बराच भार निघत होता. "नॅनो झालं की वक्र बदलतोच," असं उत्तर मिळालं.

बदलतो, पण म्हणून काहीही खपवता येत नाही. मी प्लाझ्माच्या आधी आणि नंतर इलेक्ट्रोडच्या तारांचं वजन केलं. ते घटलं होतं. तो धातू हवेत विरला नव्हता, आमच्या चूर्णात आला होता. एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) काही दिसत नव्हतं, कारण प्रमाण थोडं असेल आणि रचना स्फटिकी नसेल तर तिथे दिसतच नाही. एक्सपीएसमध्ये (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांचं रासायनिक रूप दाखवणारी चाचणी) टंगस्टन स्पष्ट दिसलं, तेही ऑक्साइडच्या रूपात. आता टंगस्टनचा ऑक्साइड काही निष्क्रिय भरणा नाही. तो स्वतः लिथियम घेतो; त्याची सैद्धांतिक क्षमता 693च्या आसपास आहे. तरी कथिलाच्या ऑक्साइडमुळेही वक्र थोडा तसा होऊ शकतो, ही शंका उरत होती. म्हणून कथिलाचा क्षार वगळला, दुसऱ्या क्षाराने वाहकता तेवढीच ठेवली आणि तोच प्लाझ्मा चालवला. निळसर काळपट गाळ मिळाला. त्याचा सेल केला, तर त्यातही क्षमता होती, आणि 1 व्होल्टच्या वरचा तोच उतार.

हे अहवालात घालू दिलं नाही. "सगळेच टंगस्टन वापरतात" हे कारण मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग ब्रेडिगने 1898च्या सुमारास पाण्याखाली धातूच्या तारांमध्ये विद्युतकंस पेटवून सोन्याची, प्लॅटिनमची कलिलं (द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) केली. पाण्यात सोन्याचा क्षार नव्हता. सोनं तारेतूनच आलं. इलेक्ट्रोड झिजून द्रवात उतरतो, यावरच तर ही पद्धत उभी राहिली. मग त्याच झिजेकडे काणाडोळा करून शुद्धतेचा दावा कसा करता येईल?

तेव्हा माझं सरळ मत: जो धातू हवा त्याचेच इलेक्ट्रोड घ्या. चांदीचे कण लिथियमचा थर एकसारखा बसवण्यासाठी हवे असतील तर चांदीच्या तारा छान चालतात, क्षारही लागत नाही. कथील मात्र 232 अंशांनाच वितळतं. टोक गळतं, अंतर वाढतं, तार सतत पुढे सरकवण्याची सोय लागते. ती करा. पाण्यात कथिलावर ऑक्साइडही चढतो आणि पहिल्याच चार्जिंगला तो लिथियम खातो, त्यातलं बरंचसं परत येत नाही. इथेनॉलमध्ये हे कमी होतं आणि कणांवर कार्बनचा थर बसतो, जो बॅटरीत उपयोगीच पडतो.

"रसायनविरहित" हा शब्द तर शोधनिबंधात लिहूच नका. प्लाझ्मा पाण्यातच हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे मूलक (अतिक्रियाशील कण), हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. क्षपण त्यातलेच काही, मुख्यतः हायड्रोजनचे मूलक, करतात. द्रवाच्या वर हवा असेल तर नायट्रोजनची आम्लंही उतरतात आणि चांदी पुन्हा विरघळू लागते. म्हणून आरगॉनचा प्रवाह चालू ठेवा.

आता राहिलेलं. टंगस्टन कायम वाईट असं नाही. प्लाझ्मा स्थिर कुठे होतो हे शोधताना तेच सोयीचं. इथेनॉल वापरणार असाल तर बंद भांड्यात हायड्रोजन साठतो आणि आत ठिणगी असते, म्हणून वायू बाहेर जायला वाट आणि आरगॉनचा प्रवाह दोन्ही हवेत, आणि वीजपुरवठा बंद करून भार उतरवल्याशिवाय इलेक्ट्रोडला हात नाही. तारांच्या वजनाचे आकडे आणि आयसीपीने (मूलद्रव्याचं नेमकं प्रमाण मोजणारी चाचणी) मोजलेलं टंगस्टन मुख्य मजकुरातल्या पहिल्या तक्त्यात द्या, पुरवणीत नको. मार्गदर्शक नको म्हणाले तर क्षार न घातलेल्या गाळाचा सेल करून तो वक्र त्यांच्यापुढे ठेवा.